व्याख्यान संपल्यावर कोणीच प्रश्न विचारत नाही. तुम्ही काय करता?

शर्मिष्ठा

नमस्कार मंडळी. मी भौतिकशास्त्र शिकवते आणि गेली ३ वर्षं सुट्टीच्या दिवशी सर्वसामान्य लोकांसाठी खगोलशास्त्रावर व्याख्यानं देते. मागच्या वेळचा विषय होता प्रसरण पावणारं विश्व, म्हणजे दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह) एकमेकींपासून दूर जाताहेत ते. सभागृह भरलं होतं. ५० स्लाइड बरोबर ५५ मिनिटांत संपवल्या, "काही प्रश्न?" म्हटलं, आणि सगळे गप्प. मग पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी माइक घेऊन स्वतःचा सिद्धांत सांगितला, त्यात सात-आठ मिनिटं गेली, आभारप्रदर्शन झालं आणि लोक उठले.

मी लॅपटॉपची वायर गुंडाळत होते तेव्हा सहावी-सातवीतली एक मुलगी जवळ आली. आई दारात थांबलेली. म्हणाली, "सगळं पसरतंय तर मग मीपण पसरतेय का?" मी घाईघाईत "नाही गं, ते फक्त दीर्घिकांचं" एवढंच बोलले. तिनं मान डोलावली आणि गेली. ती मान अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तिला उत्तर कळलं नव्हतं, मला वेळ नाही एवढंच कळलं होतं.

पुढच्या महिन्यात परत व्याख्यान आहे, त्यानंतर दुर्बिणीतून आकाशदर्शन. असले प्रश्न सभेत, सगळ्यांसमोर यावेत म्हणून तुम्ही काय करता? आणि त्या मुलीला नीट उत्तर कसं दिलं असतंत?

ध्रुवमत्स्य

आम्ही दारातच कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली वाटतो. नाव लिहायचं नाही. मध्येच ५ मिनिटं थांबून चिठ्ठ्या गोळा करतो. जो माणूस हात वर करायला लाजतो तो चिठ्ठीत बिनधास्त लिहितो.

जुना दुर्बीणवाला

शर्मिष्ठाताई, तुमचं वाचून मला माझी पहिली दहा वर्षं आठवली. मी व्याख्याता नाही. खुर्च्या मांडणं, माइक फिरवणं, नंतर दुर्बिणीपाशी उभं राहणं ही माझी कामं, आणि हे २२ वर्षं चाललंय. त्यामुळे मी वक्त्यापेक्षा श्रोत्यांचे चेहरे जास्त पाहिलेत.

पहिलं, "काही प्रश्न?" हे विचारूच नका. तासभर ऐकून सुन्न झालेल्या माणसाला त्यातून "आता निघू या" एवढंच ऐकू येतं. त्याऐवजी म्हणा, "शेजारच्याला २ मिनिटांत सांगा, आज काय पटलं नाही." सभागृहात एकदम गलका होतो. तो होऊ द्या. त्यानंतर विचारलंत की हात वर येतात, कारण तो प्रश्न आता दोघांचा झालेला असतो. तरी शांतता राहिली तर मनात १० पर्यंत मोजा. वक्त्याला ते १० सेकंद फार लांब वाटतात, पण श्रोता तेवढ्या वेळात वाक्य जुळवत असतो. आणि पहिला माइक मागच्या रांगेत न्या. पहिल्या रांगेतल्या त्या गृहस्थांनाही दुखवू नका, तेसुद्धा विषयाच्या ओढीनंच येतात. "आपण दुर्बिणीपाशी सविस्तर बोलू" म्हणा, आणि खरंच बोला.

दुसरं, ५० स्लाइड फार झाल्या. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठीची नाताळची व्याख्यानं १८२५ साली सुरू झाली आणि विजेवर संशोधन करणाऱ्या मायकेल फॅरेडेंनी त्यांच्या १९ मालिका स्वतः दिल्या. तो माणूससुद्धा बोलताना समोर 'सावकाश' असं लिहिलेलं कार्ड ठेवून घ्यायचा. २१ वर्षांचा असतानाच त्यानं मित्राला पत्रातून कळवलं होतं की व्याख्यानाला एक तास पुरे. माझ्या मते बोलणं ४० मिनिटं आणि उरलेला वेळ लोकांचा.

आता त्या मुलीचा प्रश्न. ताई, त्या संध्याकाळचा तोच सर्वांत चांगला प्रश्न होता. शब्दांनी उत्तर देऊ नका, हातात द्या. शिवणकामाचं रुंद इलॅस्टिक घ्या आणि १०-१० सेंटिमीटरवर ४ बटणं टाका. एक टोक तुम्ही धरा, दुसरं तिला धरू द्या. पहिलं बटण म्हणजे आपली दीर्घिका. तिला हळूहळू दीडपट ताणायला सांगा आणि तिसऱ्या कोणाला तरी पट्टी घेऊन मोजायला लावा. १० चे १५ होतात, २० चे ३०, ३० चे ४५. म्हणजे तेवढ्याच वेळात जवळचं बटण ५ सेंटिमीटर सरकलं, मधलं १०, लांबचं १५. जितकं लांब तितकं वेगानं दूर. खगोलशास्त्रज्ञ हबलनी १९२९ साली दीर्घिकांबद्दल मांडलेला नियम तो हाच. मग तिला दुसऱ्या बटणावरून मोजायला सांगा, दोन्ही बाजूंना तेच दिसतं. म्हणजे केंद्र कोणाचंच नाही.

आणि शेवटी विचारा, "बटण मोठं झालं का?" ती स्वतः पट्टी लावून बघेल. बटण तेवढंच राहिलेलं असतं, कारण ते घट्ट बांधलेलं आहे. मग तिला सांगा, तुझ्या शरीरातले अणू विद्युत बलांनी एकमेकांना धरून आहेत, पृथ्वीला सूर्यानं गुरुत्वाकर्षणानं धरलंय, आणि आपली सगळी आकाशगंगासुद्धा अशीच बांधलेली आहे. म्हणून तू पसरत नाहीस, घर पसरत नाही, सूर्यमालाही नाही. शेजारची देवयानी दीर्घिका तर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर (प्रकाश वर्षभरात जातो ते अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष) असूनही आपल्याकडेच येतेय, कारण तिथवर गुरुत्वाकर्षणाची ओढ वरचढ ठरते. प्रसरणाचा वेग हिशेबाला येतो तो त्याच्या पलीकडे, दर ३३ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला साधारण ७० किलोमीटर. फक्त एक सांगायला विसरू नका: इलॅस्टिकला टोकं आहेत, विश्वाची कड मात्र कोणाला सापडलेली नाही. उपमा कुठे तुटते ते सांगितलं की मुलांचा आपल्यावर विश्वास बसतो.

अनुराधा२७

वरच्या उत्तराला एक पुरवणी. बांधलेल्या गोष्टी पसरत नाहीत म्हटलं की हमखास कोणीतरी विचारतं, "मग चंद्र दूर का जातोय?" तयारी ठेवा. चंद्र वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातो, पण त्याचा विश्वाच्या प्रसरणाशी संबंध नाही. ते भरती-ओहोटीमुळे होतं: पृथ्वीचं फिरणं मंदावतं आणि तिचा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर म्हणा) चंद्राच्या कक्षेकडे जातो. हे मोजता आलं ते १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवरून (आरशांसारख्या साधनांवरून) लेझर परतवून. मला हाच प्रश्न भर सभेत आला होता आणि मी पार अडकले होते.

जुना दुर्बीणवाला

अनुराधाताई, छान आठवण केलीत.

आकाशदर्शनाचं राहिलं होतं. खरे प्रश्न रांगेत येतात, म्हणून रांगेत एक बोलका स्वयंसेवक उभा करा. हिशेब साधा आहे: माणशी १ मिनिट धरलं तरी ६० माणसांना तास लागतो आणि तो तास अंधारात उभं राहून जातो. तोच वेळ गप्पांचा. दुर्बिणीला मोटर नसेल तर अर्ध्या अंशाच्या दृश्यातून ग्रह २ मिनिटांत निसटतो, दर दोघांनंतर परत आणावा लागतो. तेव्हा सांगा, "ग्रह पळाला नाही, आपली पृथ्वी फिरली." पृथ्वी फिरताना 'बघायला' लोकांना १८५१ साली फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या लंबकापाशी बोलावलं होतं; पृथ्वी फिरते तशी त्याच्या झोक्याची दिशा वळताना दिसते. इथे तुमच्या रांगेतल्या प्रत्येकाला ते नेत्रिकेतच (डोळा लावायच्या भिंगातच) दिसतं.

मुलं डोळा लावताना नेत्रिका मुठीत धरतात आणि सगळं हलतं. शेजारी छोटी शिडी ठेवा. हाताला धरायला शिडी मिळाली की दुर्बीण सुटते. चष्मेवाले आजी-आजोबा विचारतात, "काढू का?" लांबचं किंवा जवळचं दिसत नसेल तर काढून फोकस फिरवू द्या, तिरप्या (सिलिंड्रिकल) नंबराचा असेल तर राहू द्या. टॉर्चला लाल कागद लावा, अंधाराला सरावायला डोळ्यांना २०-३० मिनिटं लागतात आणि एका मोबाइलच्या उजेडात ती वाया जातात. शनी दाखवणार असाल तर कोणीतरी "आत चित्र चिकटवलंय" म्हणणारच. त्याला नळीच्या तोंडावर हात धरून बघायला सांगा.

शर्मिष्ठा

सगळ्यांचे मनापासून आभार. स्लाइड १८ वर आणल्या. काल रात्री बटणं शिवली. पहिल्यांदा इलॅस्टिक अरुंद निघालं, ताणलं की बटणं कलायची. दोन बोटं रुंदीचं घेतल्यावर जमलं.

त्या मुलीच्या आईनं नोंदवहीत पत्ता लिहिला होता. आज निरोप पाठवलाय की लेकीला घेऊन या, इलॅस्टिकचं दुसरं टोक धरायला मला तीच हवी आहे.