मलेशियाच्या घटनेतला इस्लाम: 'राजधर्म', 'अधिकृत धर्म' की 'संघराज्याचा धर्म'?

प्रश्न

मलेशियाच्या राज्यघटनेवरचा एक लेख मराठीत आणतेय आणि तिसऱ्या कलमापाशीच अडकलेय. कलम साधारण असं आहे की इस्लाम हा फेडरेशनचा धर्म आहे, पण इतर धर्मही फेडरेशनच्या कुठल्याही भागात शांततेने आणि सलोख्याने पाळता येतील. यातल्या 'रिलिजन ऑफ द फेडरेशन'ला काय म्हणायचं? राजधर्म, राष्ट्रधर्म, अधिकृत धर्म असे तीन शब्द सुचतायत पण एकही नीट बसत नाहीये.

प्रतिसाद

राजधर्म नकोच. आपल्याकडे राजधर्म म्हटलं की राजाने प्रजेशी कसं वागावं हेच डोक्यात येतं, 'राजधर्म पाळा' असं आपण आजही सत्ताधाऱ्यांना म्हणतो, तिथे धर्म म्हणजे कर्तव्य. राष्ट्रधर्माचंही तेच, राष्ट्रासाठी आपलं जे कर्तव्य तो राष्ट्रधर्म. म्हणजे दोन्ही शब्द चांगले आहेत पण भलत्याच अर्थाला बांधलेले आहेत.

'अधिकृत धर्म' सगळ्यात सोपा वाटतो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळा तोच करतो. एक तर 'अधिकृत' हा शब्द त्या कलमात नाही. दुसरं म्हणजे एक धर्म अधिकृत म्हटला की बाकीचे आपोआप अनधिकृत वाटायला लागतात, आणि ज्या देशात २०२० च्या जनगणनेत मुस्लिम साधारण ६३ टक्के, बौद्ध १८-१९ टक्के, ख्रिश्चन ९ आणि हिंदू ६ टक्के आहेत तिथे हा फरक किरकोळ नाही. याच घटनेच्या कलम १५२ मध्ये मलय भाषेला सरळ 'राष्ट्रीय भाषा' म्हटलंय, म्हणजे 'राष्ट्रीय' हा शब्द घटनेतच होता, तरी धर्माच्या कलमात तो घातला नाही. मग आपण तो आपल्या पदरचा कशाला घालायचा? 'संघराज्याचा धर्म' असंच लिहा. जरा कोरडं वाटेल पण मूळही तेवढंच कोरडं आहे.

मलय पाठ बघितला तर तिथे 'उगामा बागी पर्सेकुतुआन' आहे, बागी म्हणजे 'साठी', म्हणजे शब्दशः 'संघराज्यासाठीचा धर्म'. उगामा हे आगामाचं जुन्या वळणाचं रूप, आणि आगामा म्हणजे आपला संस्कृत 'आगम'. इस्लामला घटनेत जागा देणाऱ्या वाक्यातला 'धर्म' हा शब्द मूळचा संस्कृत आहे, हे मला फार आवडतं.

आता हे वाक्य आलं कुठून ते बघा, म्हणजे शब्द का जपायचा ते कळेल. घटना लिहायला १९५६ साली रीड आयोग नेमला, पाच जण, त्यात अलाहाबाद हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश बी. मलिक आणि पाकिस्तानचे न्यायमूर्ती अब्दुल हमीद पण होते. बहुमताच्या मसुद्यात हे कलम नव्हतंच. गंमत अशी की मलय सुलतानांनाच ते आधी नको होतं, कारण आपापल्या राज्यात धर्माचे प्रमुख ते स्वतः, त्यांना वाटलं आपल्या अधिकाराला धक्का लागेल. तेव्हाच्या अलायन्स या आघाडीतल्या पक्षांनी मात्र ते मागितलं होतं आणि हमीद यांनी भिन्नमतपत्रात त्याच्या बाजूने लिहिलं. शेवटी ते घेतलं, पण १९५७ च्या सरकारी श्वेतपत्रिकेत असंही नोंदवलं की यामुळे फेडरेशनच्या धर्मनिरपेक्ष स्वरूपात काही फरक पडणार नाही.

प्रश्न

पण मग सरळ 'इस्लामी राष्ट्र' का नाही म्हणायचं? २००१ साली महाथिर यांनी पंतप्रधान असताना मलेशिया इस्लामी राष्ट्र आहे असं जाहीरच केलं होतं की.

प्रतिसाद

केलं होतं, पण भाषण म्हणजे घटना नव्हे. कलम ३ मध्येच पुढे लिहिलंय की या कलमामुळे घटनेतल्या दुसऱ्या कुठल्याही तरतुदीला बाधा येत नाही, आणि कलम ४ म्हणतं सर्वोच्च कायदा म्हणजे ही घटना. १९८८ साली चे ओमार खटल्यात हाच मुद्दा आला, फाशीची सक्तीची शिक्षा इस्लामला धरून नाही म्हणून ती रद्द करा असं म्हणणं होतं, तेव्हा सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कलम ३ मधला इस्लाम हा विधी-समारंभांपुरता आहे, देशाचा कायदा धर्मनिरपेक्षच आहे.

उलट 'धर्मनिरपेक्ष राष्ट्र' असंही बिनधास्त लिहू नका. त्याच १९८८ मध्ये कलम १२१ मध्ये १अ हे उपकलम घातलं आणि शरिया कोर्टाच्या अखत्यारीतल्या बाबी दिवाणी कोर्टांच्या हाताबाहेर गेल्या. कलम ११ प्रमाणे मुस्लिमांमध्ये दुसऱ्या धर्माचा प्रचार करण्यावर राज्यं बंधन घालू शकतात. कलम १६० मध्ये 'मलय' माणसाची व्याख्याच इस्लाम मानणारा, मलय बोलणारा आणि मलय रीत पाळणारा अशी आहे, म्हणजे धर्म सोडला तर या व्याख्येतून पण बाहेर. २००७ मध्ये इस्लाम सोडून ख्रिश्चन झालेल्या लीना जॉय यांच्या खटल्यात तर कोर्टाचं बहुमत असं की ओळखपत्रावरचा 'इस्लाम' काढायचा तर आधी शरिया कोर्टाचा दाखला आणा. एका शब्दात बसवता येईल असा हा देश नाही, म्हणून मी 'इस्लामला विशेष स्थान असलेली राज्यघटना' असं अख्खं लिहीन, लांब झालं तरी चालेल.

प्रश्न

पटलं, 'संघराज्याचा धर्म' घेते. अजून एक, कलम १२(४) मध्ये १८ वर्षांखालच्या मुलाचा धर्म 'पेरेंट ऑर गार्डियन' ठरवतील असं आहे. 'पालक' चालेल?

प्रतिसाद

इथे फार जपून, या एका शब्दावर एका आईने वर्षानुवर्षं कोर्टात लढा दिलाय. २००९ साली मलेशियातल्या इपोह शहरातल्या एका हिंदू बालवाडी शिक्षिकेच्या नवऱ्याने धर्म बदलला आणि तिला न विचारता तिन्ही मुलांचाही बदलून टाकला. इंग्रजी पाठात 'पेरेंट' एकवचनी, मलय भाषांतरात 'इबू अताउ बापा', म्हणजे 'आई किंवा वडील', मग एकाची संमती पुरे असं म्हणायला जागाच मिळाली. जानेवारी २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, एकमताने निकाल दिला की आई आणि वडील दोघं हयात असतील तर दोघांचीही संमती लागते, आणि त्या मुलांचं धर्मांतर रद्द केलं. घटनेच्याच अकराव्या परिशिष्टात एकवचनात अनेकवचन धरावं असं आहे, त्याचा इथे आधार मिळाला.

मराठीत 'आई किंवा वडील' लिहिलंत तर निम्मा वाद तुम्हीच निकालात काढल्यासारखं होईल, 'आई-वडील' लिहिलंत तर उरलेला निम्मा. 'पालक' एकवचनात आणि अनेकवचनात तसाच राहतो, त्यामुळे तो मूळ शब्दाइतकाच उघडा राहतो. अडचण एवढीच की आपण गार्डियनलाही पालकच म्हणतो, तर तिथे नवीन शब्द काही काढू नका, 'पालक किंवा कायदेशीर पालनकर्ता' लिहा आणि २०१८ चा निकाल खाली तळटीपेत द्या.