‘दरोडा’ म्हणायला माणसे किती लागतात?

अर्थशोधिनी:
नमस्कार. एका विमा कंपनीच्या माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद करत आहे. त्यातल्या एका उदाहरणात दुचाकीवरून आलेले दोघे एका गृहस्थाला चाकू दाखवून हातातली बॅग मागतात आणि ती घेऊन पसार होतात. मुळातला शब्द ‘रॉबरी’ होता, मी ‘जबरी चोरी’ लिहिले. संपादकांनी ते खोडून ‘दरोडा’ केले आणि समासात शेरा मारला, की जबरी चोरी हे पोलीस ठाण्यातले मराठी आहे, घरात असे कोणी बोलत नाही. दरोड्याला किमान पाच माणसे लागतात, असे मी कुठेतरी वाचल्याचे आठवते. ते खरे आहे का? शिवाय त्याच पानावर ‘बर्गलरी’साठी मी ‘घरफोडी’ योजले आहे, त्याविषयीही मत हवे आहे. मजकूर परवा छपाईला जाणार आहे.

निवृत्त वकील:
आपली आठवण बरोबर आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३९१ मध्ये ही पाचांची अट होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१० मध्येही ती तशीच आहे. मात्र पाचही जणांनी हात चालवला पाहिजे असे नाही. प्रत्यक्ष लुटणारे आणि तिथे हजर राहून त्यांना मदत करणारे मिळून पाच झाले, की तो दरोडा होतो. आपल्या उदाहरणातले दोघे कलम ३०९ मध्ये, म्हणजे जबरी चोरीत, बसतात. हा फरक केवळ शब्दाचा नाही. जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी असते (सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात हमरस्त्यावर केली तर चौदा), तर दरोड्याला जन्मठेपही होऊ शकते. संपादकांच्या एका शब्दाने त्या दोघांची शिक्षा वाढली आहे.

बिनकानामात्रा:
वकीलसाहेब, कायदा १८६० चा आहे, ‘दरोडा’ हा शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. जुन्या मराठीत ‘दरवडा’ असे रूप सापडते आणि तो घालणाऱ्यांची शिरगणती कोणी करत नसे. इंग्रजांना ‘डकॉयटी’साठी मराठी शब्द हवा होता, त्यांनी आपला उचलला आणि त्याला पाचांचे कुंपण घातले. आता त्या कुंपणाच्या आतच बोला, असे आपण मराठी माणसाला कोणत्या अधिकाराने सांगणार? दोघांनी बँक लुटली तरी वर्तमानपत्र ‘बँकेवर दरोडा’ असेच छापते आणि वाचणाऱ्याला त्यात काहीही खटकत नाही.

जुनी पोथी:
आमचे आजोबा ‘दरोडा’ची फोड ‘दार’ आणि ‘ओढणे’ अशी सांगत असत. दार ओढून, उचकटून आत शिरणे म्हणजे दरोडा. ती ग्राह्य धरली, तर मुळात माणसांची संख्या नव्हे, दार महत्त्वाचे ठरते आणि रस्त्यावरची लूट आपोआपच बाहेर राहते.

बिनकानामात्रा:
आजोबांविषयी आदर राखून म्हणतो, की ‘दरवडा’ हे रूप आधीचे मानले, तर त्यात ‘ओढणे’ मधला ढ कुठे गेला, याचे उत्तर द्यावे लागेल. आपल्याकडे शब्द दिसला की त्याचे दोन तुकडे करून दोन्ही हातांत देण्याची सवय आहे. निदान ‘चोर’ला तरी सोडा, त्याचा चुर् हा धातू पाणिनीय परंपरेत इतका प्रतिष्ठित आहे, की धातूंच्या दहाव्या गणाला ‘चुरादि’ असे त्याचेच नाव आहे.

काळी शाई:
मला ‘जबरी चोरी’ वेगळ्या कारणाने खटकते. संहितेप्रमाणे ताब्यातली वस्तू संमतीवाचून काढून घेणे म्हणजे चोरी. भीती घालून समोरच्याला ती स्वतःच्या हाताने द्यायला लावणे हा निराळा अपराध आहे, ज्याला आपण खंडणी म्हणतो आणि कायद्याचे मराठी ‘बलाद्ग्रहण’ म्हणते. अर्थशोधिनीताई, चाकू पाहून तुमच्या गृहस्थाने बॅग स्वतःच पुढे केली असेल, तर त्यात काटेकोरपणे पाहता चोरी नाहीच, तात्काळ इजेची भीती घालून केलेले बलाद्ग्रहण आहे. तरीही त्याचे नाव ‘जबरी चोरी’. म्हणजे ज्यात चोरी नाही अशीही एक चोरी आपण भाषेत ठेवली आहे.

निवृत्त वकील:
हे अगदी मार्मिक आहे. प्रत्येक रॉबरीत एक तर चोरी असते किंवा बलाद्ग्रहण असते, असे कलमाचे पहिलेच वाक्य सांगते. मराठी नावाने त्यातली एकच बाजू उचलली. मात्र ‘बलाद्ग्रहण’ हा शब्द चाळीस वर्षांच्या वकिलीत एकाही पक्षकाराच्या तोंडून मी ऐकला नाही. सगळे ‘खंडणी’च म्हणतात, आणि एकेकाळी गावांवर बसवल्या जाणाऱ्या रकमेसाठीचा तो शब्द या अर्थाने आता पक्का झाला आहे.

उंबरठा:
‘ताब्यातली’ हा शब्द वाचून राहवले नाही. मागे दुरुस्तीला दिलेली माझीच दुचाकी, मजुरीवरून वाद झाल्यामुळे, मी कारागीर जेवायला गेला असताना दुसऱ्या किल्लीने चालवत घरी आणली. त्याने चोरीची तक्रार करण्याची धमकी दिली, तेव्हा मी हसलो होतो. ‘दुसऱ्याच्या मालकीची वस्तू घेणे म्हणजे चोरी’ असेच आपण सगळे मानतो. स्वतःच्या वस्तूची चोरी कशी होणार?

निवृत्त वकील:
आपण थोडे लवकर हसलात. कायद्यातल्या चोरीचा आधार मालकी नाही, ताबा आहे. संहितेत दुरुस्तीला दिलेल्या घड्याळाचे उदाहरण आहे. दुरुस्तीचे पैसे द्यायचे आहेत आणि त्यापोटी घड्याळ अडवून ठेवण्याचा दुरुस्ती करणाऱ्याला हक्क आहे, अशा स्थितीत मालकाने ते तारण बुडवण्याच्या हेतूने घड्याळ काढून नेले, तर मालक चोर ठरतो. काहीच देणे नसेल, तर चोरी होत नाही. उलट, रस्त्यात पडलेली आणि कोणाच्याच ताब्यात नसलेली अंगठी उचलणारा चोर नसतो. त्याने ती बेइमानीने स्वतःची करून टाकली, तर तो अपहार. झाडाचीही तीच गंमत आहे. जमिनीत उभे आहे तोवर ते चोरता येत नाही, कारण चोरी फक्त जंगम मालमत्तेची होते. बेइमानीने नेण्यासाठी त्याला जमिनीपासून तोडले, त्या क्षणी चोरी झाली.

काळी शाई:
म्हणूनच ‘वीजचोरी’ हा शब्द मला आवडतो. वीज ही जंगम वस्तू नाही, त्यामुळे ती दंड संहितेतली चोरी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग खटल्यात म्हटले. आज तिच्यासाठी २००३ च्या वीज कायद्यात स्वतंत्र कलम १३५ आहे. लोकांनी मात्र तिला पहिल्यापासून चोरीच म्हटले आणि शेवटी कायद्यालाही तोच शब्द वापरावा लागला.

बिनकानामात्रा:
मग मी दुसरे काय म्हणत होतो?

पानगळ:
उशिरा येत आहे. दरोडा आणि जबरी चोरी यांवर इतका खल होतो, पण ‘भामट्याने गंडा घातला’ हे आपण रोज बिनदिक्कत लिहितो, त्याविषयी कोणी बोलत नाही. भामटा हे एका जमातीचे नाव आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या, पण शब्दातून अजून झालेल्या नाहीत. ‘ठकवणूक’, ‘फसवणूक’ असे शब्द हाताशी असताना याची गरज काय?

जुनी पोथी:
शब्दाचा अर्थ रूढीने ठरतो, असे मघाशी सगळे म्हणत होते. ‘तस्कर’ संस्कृतात साधा चोर होता, आता त्याला सीमेवरून सोने आणावे लागते. भामटा म्हणताना आज कोणाच्या मनात जमात नसते.

पानगळ:
ज्यांच्या जातीच्या दाखल्यावर ते नाव आहे, त्यांच्या मनात असते. ‘तस्कर’ नावाचा दाखला कोणाला मिळत नाही.

अर्थशोधिनी:
सर्वांचे आभार. माझी ‘घरफोडी’ मात्र उंबरठ्याबाहेरच राहिली. माहितीपत्रकात जबरदस्तीने प्रवेश केल्याच्या खुणा असण्याची अट आहे.

निवृत्त वकील:
क्षमस्व. संहितेतल्या घरफोडीत काही फुटलेच पाहिजे असे नाही. हरवलेली किल्ली ज्याला सापडली त्याने ती लावून दार उघडले आणि बेकायदा आत शिरला, तर तीही घरफोडीच. त्यासाठी चोरी होण्याचीही गरज नसते. बातम्यांतला ‘कडी-कोयंडा उचकटून’ हा तपशील विमा कंपनीला हवा असतो, कलमाला नव्हे. म्हणून शब्द ‘घरफोडी’च ठेवावा आणि कंपनीची अट खाली वेगळ्या वाक्यात स्पष्ट लिहावी. तसे न केल्यास किल्ली लावून लुटले गेलेले ग्राहक हेच पत्रक घेऊन भांडायला येतील आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नसेल.

अर्थशोधिनी:
घरफोडीखाली तसे वाक्य घातले. दरोड्याबाबत संपादक ‘पाच’ या आकड्यावर नरमले, पण ‘जबरी चोरी’ त्यांना काही केल्या पटली नाही. अखेरीस ‘लूट’ छापायला गेले.

बिनकानामात्रा:
वा! म्हणजे इंग्रजीने आपल्याकडून उचलून नेलेला शब्द, इंग्रजीच्या अनुवादात परत आला.

काळी शाई:
परत आला हे ठीक, पण तो ना चोरीच्या कलमात आहे, ना दरोड्याच्या. दावा फेटाळताना कंपनी नेमके हेच म्हणेल.