विषय: रात्री आठला काय सांगतील?

प्रेषक: लेस्टरच्या वहिनी
शनिवार, १७ एप्रिल २०२१

नमस्कार मंडळी,

विषय मंडळाच्या कार्यक्रमांचा नाही, चिटणीसांनी रागावू नये. माझे सासू-सासरे नागपूरला धरमपेठेत दोघंच राहतात, दोघंही सत्तरीपुढचे. कालपासून सासूबाईंचे चार फोन येऊन गेले आणि चारही वेळा एकच प्रश्न, "कोरोनामुळे मागच्या वर्षीसारखा अख्खा देश बंद करणार म्हणतात, खरं का गं?" आता मला लेस्टरमध्ये बसून काय ठाऊक! पण परदेशातल्यांना सगळं आधी कळतं, अशी त्यांची ठाम समजूत आहे.

त्यांनी दोन महिन्यांची कणीक दळून आणवली आहे. नागपूरच्या एप्रिलमध्ये दोन महिन्यांची कणीक! पिठाला जाळी धरते, पंधरा दिवसांपुरतंच दळावं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. घाबरल्या आहेत हे मला त्या पिठावरून कळलं.

हे म्हणतात, सोमवारचं तिकीट काढून जातो. तिकडे सगळं बंद झालं तर हे तिथे अडकणार, नाही झालं तर उगाच धावपळ. आपल्यापैकी सध्या कोणी नागपुरात असेल तर खरं काय ते कळवा. पेपरातलं नको, ते आम्हीही वाचतो.

प्रेषक: मिल्टन कीन्सकर
शनिवार, १७ एप्रिल

वहिनी, खात्रीची बातमी आहे. पुढच्या आठवड्यात देशभर कडक बंद, दूधसुद्धा मिलिटरीच वाटणार. माझ्या साडूच्या ग्रुपवर आलंय. खाली जोडतो.

प्रेषक: चिटणीस
शनिवार, १७ एप्रिल

जोडलेलं काढून टाकलं आहे. हाच मजकूर मागच्या वर्षीही आला होता, फक्त तारीख बदलली आहे. दूधवाले मिलिटरीचे झाले की कळवीन.

प्रेषक: महालकर (सध्या नागपुरातच)
रविवार, १८ एप्रिल

वहिनी,

मी फेब्रुवारीपासून इथे नागपूरच्या महाल भागात आहे. बाबा न्हाणीघरात घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि दोन आठवड्यांची रजा संपून दोन महिने झाले. सकाळी बाबांचा व्यायाम, दुपारी साडेबाराला तुमच्याकडचे आठ वाजले की माझं ऑफिस.

खरं सांगायचं तर "बंद होणार का" असं इथे कोणी विचारत नाही. बंद तर आहेच. पालकमंत्र्यांनी १५ मार्चला शहर बंद केलं ते २१ पर्यंत म्हणून, मग ते ३१ पर्यंत वाढलं. ५ एप्रिलपासून राज्याचे निर्बंध आले, १४ च्या रात्री आठपासून ते आणखी आवळले. लोक विचारतात ते एवढंच, "किती वाजतापासून?"

आठ हा आकडा इथे लोकांनी मनावर घेतला आहे. नोटाबंदी ८ नोव्हेंबर २०१६ ला, रात्री आठ. मागच्या वर्षी १९ मार्चला जनता कर्फ्यू सांगितला, रात्री आठ. २४ मार्चला एकवीस दिवसांचा लॉकडाऊन, तेही आठ, आणि बारापासून लागू. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. आमच्या आईला गाठी मिळाल्या नव्हत्या, तिनं साखरेच्या पाकात दोरा बुडवून काहीतरी माळ केली होती. ते तिला अजून लागलेलं आहे.

काल आमचा कूलर बंद पडला. पंख्याला काही झालं नव्हतं, पाणी चढवणारा पंप जळला होता आणि गवताच्या ताट्या पार सडल्या होत्या. पारा चाळिशीत आणि बाबा पलंगावर, तेव्हा नागपुरात कूलर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दुरुस्तीवाल्याचं दुकान कागदोपत्री बंद. शटर गुडघ्याइतकं वर, बाहेर कोपऱ्यावर त्याचा मुलगा पोलिसांच्या गाडीवर नजर ठेवून उभा. मी वाकून आत गेलो. आत टॉर्चच्या उजेडात त्याने ताट्यांची जाळी सोडवली, जुनं गवत झटकलं, नवं भरून गुडघ्याने दाबलं, पंप बादलीत टाकून चालवून दाखवला. चारशे रुपये घेतले, वर म्हणाला, "भाऊ, बिल नाही देत जी, दुकान बंद हाय ना."

मी त्याला तुमचाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "करा म्हना बंद. आमची ना नाही. फक्त दोन दिवस आधी सांगा. मागच्या सालचा माल अजून अंगावर हाय. आठ वाजता कोनी टीव्हीवर आलं का पोटात गोया येते."

त्याचा सगळा धंदा मार्च ते मे. जूनमध्ये पाऊस आला की संपलं. मागच्या वर्षीचे ते तीन महिने गेले ते गेलेच, दिवाळीत कोणी कूलर घेत नाही.

आमच्या मागच्या गल्लीत तीन मजल्यांचं बांधकाम चालू आहे. छत्तीसगडमधल्या राजनांदगावकडची सात-आठ माणसं तिथेच खाली राहतात. काल बायकांनी ताडपत्री सोडली, भांडी पोत्यात भरली. मुकादम सांगत होता, बांधकाम चालू ठेवायची परवानगी आहे, मजुरांनी जागेवरच राहायचं एवढंच. त्यांनी ऐकून घेतलं आणि बांधाबांध चालूच ठेवली. त्यातली एक जण मागच्या वर्षी भंडारा, देवरी करत पायी गेली होती, कडेवर पोर. ती म्हणाली, "गाडी चालू आहे तोवर जाऊन घेतो." आज सकाळी जागा रिकामी होती. चूल तेवढी राहिली.

तेव्हा वहिनी, सासूबाईंना कणकेवरून काही बोलू नका.

प्रेषक: रेडिंगचे काका
रविवार, १८ एप्रिल

महालकर, चांगलं लिहिलंस. पण भावनेच्या भरात मूळ प्रश्न बाजूला राहिला, तो मी घेतो. चाळीस वर्षं वकिली केली, सवय जात नाही.

देशव्यापी लॉकडाऊन पुन्हा लावता येईल का? येईल. मागच्या वर्षी केंद्राने तो २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली लावला होता, तो कायदा जागेवर आहे. राज्यांच्या हातात १८९७ चा साथरोग कायदा आहे, तोच तो, प्लेगच्या वेळचा. लावतील का? केंद्रीय गृहखात्याचा २३ मार्चचा आदेश वाचा. एप्रिलअखेरपर्यंत लागू आहे. स्थानिक निर्बंध राज्यांनी ठरवावेत, पण राज्याराज्यांमधली ये-जा अडवू नये, असं त्यात स्पष्ट आहे. अर्थमंत्र्यांनीही परवाच सांगितलं की मोठ्या प्रमाणावर लॉकडाऊनकडे आम्ही जात नाही. मागच्या एप्रिल ते जून तिमाहीत अर्थव्यवस्था जवळपास २४ टक्के आकसली, तो चटका दिल्ली विसरलेली नाही. माझं मत, यंदा कटू निर्णय राज्यांवर सोडतील.

आणि एक. बंद म्हटलं की एवढं का घाबरायचं? आपण इंग्लंडात जानेवारीपासून घरात बसलोच की. परवा १२ तारखेला दुकानं उघडली. शिस्त पाळली म्हणून उघडली.

प्रेषक: महालकर
रविवार, १८ एप्रिल, उशिरा

काका, कायद्याचं तुमचं पटलं. शिस्तीचं नाही.

तिकडे घरात बसलेल्याला सरकारकडून फर्लोचे, म्हणजे पगाराचे ८० टक्के मिळत होते, महिन्याला २,५०० पौंडांपर्यंत. माझ्या शेजारच्या केशकर्तनवाल्याने त्यात बागेत शेड बांधली. इथे राज्याने १३ तारखेला ५,४७६ कोटींचं पॅकेज सांगितलं. नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षावाले, नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरकाम करणाऱ्या बायका यांना पंधराशे रुपये. शिवभोजन थाळी महिनाभर फुकट. काहीच नाही असं मी म्हणणार नाही, थाळीची रांग रोज बघतो. पण कूलरवाला यातल्या कुठल्या रकान्यात बसतो ते मला सांगा. तो फेरीवाला नाही, त्याला दुकान आहे. कामगार नाही, मालक आहे. मालक म्हणजे काय, तर बादली आणि टॉर्च.

आजार खोटा आहे असं कोणी म्हणत नाही. जिल्ह्यात रोज सहा-सात हजार नवे रुग्ण येताहेत. धंतोलीत एका खाटेसाठी माणसं स्कूटरवरून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरताहेत. माझ्या मावसभावासाठी मी स्वतः परवा अकरा ठिकाणी फोन केले, बाराव्या ठिकाणी मिळाली. बंद लागावा असं रात्री मलाही वाटतं. सकाळी तो कूलरवाला आठवतो.

प्रेषक: लेस्टरच्या वहिनी
सोमवार, १९ एप्रिल

आत्ताच बातमी आली! भारत ब्रिटनच्या प्रवास निर्बंधांच्या लाल यादीत. शुक्रवारी, २३ ला पहाटे चारपासून. त्यानंतर तिथून आलेल्याला दहा दिवस हॉटेलात, एकट्या माणसाला १,७५० पौंड. पंतप्रधान जॉन्सननी भारताचा दौराही रद्द केला. ह्यांचं जाणं मी थांबवलं. महालकर, तुम्ही काय करणार?

प्रेषक: महालकर
सोमवार, १९ एप्रिल, रात्री

वहिनी, कंपनीनेही तेच विचारलंय. गुरुवारी मुंबईहून एक जागा धरून ठेवली आहे, उद्या रात्रीपर्यंत पैसे भरायचे.

इथे आजचा दिवस विचित्र गेला. दिल्लीत रात्री दहापासून आठवडाभराचा लॉकडाऊन लागला आणि दुपारीच टीव्हीवर आनंद विहार बसस्थानकाची गर्दी दिसायला लागली, डोक्यावर गाठोडी. दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी हात जोडून सांगितलं, जाऊ नका, छोटा लॉकडाऊन आहे. आईने आवाज बंद केला आणि म्हणाली, "हे मागच्या वर्षीचंच दाखवताहेत का?" नाही गं, आजचंच आहे.

आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सरकारला बजावलं की नागपूरसाठी रेमडेसिविर इंजेक्शनच्या १०,००० कुप्या आज रात्री आठपर्यंत द्या. पुन्हा आठ! बाबा पलंगावरून हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसले असतील.

प्रेषक: मिल्टन कीन्सकर
मंगळवार, २० एप्रिल

मोदी आज रात्री बोलणार!! मी म्हटलं नव्हतं?

प्रेषक: महालकर
मंगळवार, २० एप्रिल, रात्री

भाषण आठला नव्हतं, पावणेनऊला होतं. वाड्यात आमचा टीव्ही मोठा म्हणून शेजारचे दोघं मास्क लावून दारातच उभे राहिले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आधीच पातेलंभर दूध आणून ठेवलं होतं. माझ्या मोबाइलवर मुंबईचं तिकीट उघडं, बोट पैसे भरायच्या बटणावर.

देशाला लॉकडाऊनपासून वाचवायचं आहे, असं म्हणाले. राज्यांनीही लॉकडाऊन शेवटचा पर्याय समजावा, छोट्या प्रतिबंधित क्षेत्रांवर भर द्यावा, मजुरांना आहात तिथेच राहायला सांगावं. एवढंच. काकांचा अंदाज बरोबर आला, त्यांना माझ्याकडून एक संत्रा बर्फी लागू.

दारातले दोघं काहीच बोलले नाहीत. काकू तेवढ्या म्हणाल्या, "मग एवढ्या दुधाचं काय करू?" आईने त्यातलं अर्धं घेतलं, बासुंदी होतेय, उद्या रामनवमी आहेच.

गंमत बघा, तेच भाषण चालू असताना इथे किराणा आणि भाजीची दुकानं फक्त सकाळी सात ते अकरा झाली होती. राज्याचा आदेश, आज रात्री आठपासून. देश उघडा आणि गोकुळपेठचा बाजार अकरा वाजता बंद.

प्रेषक: रेडिंगचे काका
बुधवार, २१ एप्रिल

बर्फी पोस्टाने चालेल.

चेष्टा राहू दे. तुझ्या त्या दुरुस्तीवाल्याबद्दल मी रात्री विचार केला. मी शिस्त म्हटलं, ते मागे घेत नाही, पण त्याला दोन दिवस आधी सांगायला काय हरकत होती, याला माझ्याकडे उत्तर नाही. मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाचे पैसे दोन वर्षं पडून आहेत. चिटणीसांशी बोलतो.

प्रेषक: लेस्टरच्या वहिनी
बुधवार, २१ एप्रिल

सासूबाईंना सांगितलं, देश बंद नाही होणार. त्या म्हणाल्या, "बरं." मग विचारलं, "आणि नागपूर?" त्यांचा लशीचा दुसरा डोस याच महिनाअखेर आहे. त्याला तरी जाऊ देतील ना?

प्रेषक: महालकर
बुधवार, २१ एप्रिल, रात्री

जाऊ देतील वहिनी, लशीला जाता येतं. घरापासून केंद्र किती लांब ते सांगा, मी गाडी घेऊन येतो. सकाळी लवकर नेऊ, दहानंतर ऊन सोसवत नाही. येताना थोडी कणीक मीही घेऊन जाईन, आमच्याकडे संपत आली आहे.

आज राज्याचा नवा आदेश आला. उद्या रात्री आठपासून, अर्थातच. जिल्ह्याबाहेर जायला सबळ कारण हवं, ऑफिसात १५ टक्के माणसं, लग्न दोन तासांत आणि २५ जणांत, नाहीतर ५०,००० दंड. माझ्या चुलतबहिणीचं लग्न २ मेला आहे. हा आदेश १ मेपर्यंत आहे, म्हणून तिच्या सासरचे आशेवर आहेत. आमच्याकडे पंचवीस जणांची यादी करायला बसले, पहिल्या पानावरच भांडण झालं.

मी तिकीट सोडलं. बाबा काल वॉकर घेऊन अंगणापर्यंत आले, तुळशीला हात लावून परत गेले. कंपनीने जूनपर्यंत इथून काम करायला हो म्हटलं आहे.

चिटणीस, एक काम होतं. तुम्ही माझ्याच गल्लीत आहात. माझा कचऱ्याचा निळा डबा दर गुरुवारी रात्री बाहेर ठेवाल का? किल्ली शेजारच्या केशकर्तनवाल्याकडे आहे. तो शेडमध्ये असेल.