सफूची काही फळं गरम पाण्यातही कडक का राहतात?

रानमेवा: नायजेरियात उबे आणि कॅमेरून-गॅबनकडे सफू म्हणतात, ते फळ. एकाच भांड्यात उकळलं तरी काही फळांचा लगदा होतो, काही दगडासारखी राहतात. चुकतंय काय? आणि चांगल्या फळाचं बी लावलं तर झाड तसंच येईल का?

फुफाटा: मुळात उकळू नका. पाण्याला उकळी आली की आच बंद करा, फळं टाका, झाकून पाच-दहा मिनिटं ठेवा. बोटाने दाबल्यावर साल खचली की लगेच काढा. जास्त राहिलं तर साल फुटते, गरात पाणी शिरतं, चव पाणचट होते. गर लोण्यासारखा झाला पाहिजे. मीठ लावून, कणसासोबत खायचा. फुफाट्यात भाजलेलं फळ मात्र केव्हाही सरस. गोड फळ समजून खाल तर पस्तावाल: चव तेलकट-आंबट, त्यात टर्पेंटाइनचा किंचित वास. गुग्गुळाचंच कूळ ते!

कडक राहिलेली बहुतेक कच्चीच असणार. गुलाबी फळ कच्चं, पिकलेलं गडद निळं-जांभळं. अर्धवट रंगलेली त्या घाण्यात घालूच नका.

गुटीवाला: बियांपासून आलेलं झाड आईसारखं निघेल याचा भरवसा नाही. शिवाय नर झाड निघालं तर फळं जवळजवळ नाहीतच, आणि ते कळायला फुलोऱ्यापर्यंत थांबावं लागतं. बी वाळवलं की मेलं. गर काढल्यावर आठवड्याच्या आत लावा.

खात्रीचं झाड हवं तर गुटी, म्हणजे झाडावरच्या फांदीला मुळं फोडून मग ती कापून लावायची. भरपूर फळणाऱ्या झाडाची सरळ वर वाढणारी फांदी निवडा, चारेक सेंमी रुंद सालीचं कडं काढा आणि आतला हिरवट बुळबुळीत थर खरवडून टाका. तो राहिला तर साल पुन्हा जुळते, मुळं फुटत नाहीत. वर ओला कुजका भुसा, त्यावर प्लास्टिक, दोन्ही टोकं घट्ट.

रानमेवा: मुळं दिसली की लगेच कापायची?

गुटीवाला: नाही. पहिली पांढरी मुळं दिसली म्हणून घाई केली की कुंडीत फांदी वाळते. मुळं तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटू द्या. याला काही महिने जातात. कापल्यावर निम्मी पानं छाटा, दाट सावलीत ठेवा. कुंडीत पाणी तुंबलं तर मुळं कुजतात. वरून पानं हिरवी दिसत राहतात, म्हणून लोक आणखी पाणी घालतात.

फुफाटा: एक राहिलं: पिकलेली फळं पोत्यात कोंबू नका. उष्णतेने आणि दाबाने ती दोन-चार दिवसांत आपोआप मऊ पडतात. पसरट टोपलीत, एकाच थरात, सावलीत ठेवा.