आई माळकरी, बाबा पोपटीवाले: ऑस्टिनजवळ बार्बेक्यू खायला कुठे नेऊ?

रोह्याची_सून

नमस्कार मंडळी. आम्ही टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या वरच्या अंगाला राउंड रॉकमध्ये राहतो. सासूसासरे रोह्याहून तीन महिन्यांसाठी आलेत. परवा शेजाऱ्यांच्या परसातून धूर आला आणि बाबा कुंपणापाशी जाऊन उभेच राहिले. गावाकडे दर थंडीत पोपटी लावायची तर बाबांनीच. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, चिकन, वरून परत पाला ठासायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. झाली की नाही ते नुसत्या वासावर सांगतात. त्यांना इथला बार्बेक्यू दाखवायचाच आहे, आणि नुसता खायला नाही, जाळ बघायलासुद्धा.

अडचण अशी. बाबा चिकन, मटण, मासळी खातात, पण गाईचं आणि डुकराचं नाही. आई माळकरी, अंडंही चालत नाही. मुलगी आठ वर्षांची, ती सगळं खाते.

मागच्या महिन्यात जवळच्याच एका ठिकाणी गेलो होतो. बीन्समध्ये मांस आहे का, असं मी काउंटरवर विचारलं, नाही म्हणाले. आईंनी दोन चमचे खाल्ले आणि तिसऱ्यात मांसाचा तुकडा आला. आई काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर आंघोळ करून देवापाशी बसल्या, रात्री जेवल्या नाहीत. मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं. म्हणून यावेळी नीट माहिती घेऊनच जायचंय. काय मागवू, काय टाळू?

दुपारची_पंगत

ताई, वाचून वाईट वाटलं. मी इथे अकरा वर्षं आहे, माझे आईवडीलही शाकाहारी, त्यामुळे हे सगळं अनुभवातून सांगते.

बीन्स कुठेच घेऊ नका. पिंटो बीन्समध्ये ब्रिस्केटचे (गाईच्या छातीकडच्या मांसाचे) उरलेले तुकडे किंवा बेकन (डुकराचं मांस) घालायची इथे रीतच आहे. 'मांस आहे का' एवढं विचारलं की काउंटरवरचं पोरगं 'नाही' म्हणतं, कारण त्याच्या लेखी ती भाजी. विचारायचं असं: "शिजवताना बीफ, बेकन, चरबी किंवा मांसाचं पाणी घातलंय का?" पोटॅटो सॅलड आणि कोलस्लॉमध्ये (कोबीच्या कोशिंबिरीत) मेयोनीज म्हणजे अंडं. बनाना पुडिंगमध्येही बहुतेक अंडं. मॅक अँड चीज आणि मका विचारून घ्या. लोणच्याची काकडी, कच्चा कांदा, हालापिन्यो मिरची बिनधास्त. पण खरं सांगू? आईंसाठी घरून तांदळाची भाकरी आणि चटणी न्या. बाहेरच्या बाकांवर बसलात तर सहसा कुणी हरकत घेत नाही, तरी आधी एक शब्द विचारा.

बाबांसाठी टर्की, म्हणजे कोंबडीसारख्याच पण मोठ्या पक्ष्याचं मांस. मांस पाउंडावर तोलून देतात, अर्धा पाउंड सांगितलंत तर एका माणसाला पोटभर होतं. सॉसेज नको, त्यात बीफ आणि डुक्कर दोन्ही असू शकतं, आणि वरचं आतडं बहुधा डुकराचंच. कापायच्या आधी हातमोजे, सुरी आणि फळी बदलायला सांगा, शांतपणे सांगितलं तर ऐकतात. मात्र भट्टी एकच असते. टर्की ब्रिस्केटच्या शेजारीच धुरात असते. हे बाबांना निघायच्या आधीच सांगा आणि त्यांना ठरवू द्या.

ओकचा_ओंडका

जाळ बघायचा असेल तर लॉकहार्टला न्या. ऑस्टिनच्या दक्षिणेला साधारण तीस मैल. 1999 साली टेक्सासच्या विधिमंडळाने या गावाला राज्याची बार्बेक्यू राजधानी म्हणून मान दिला. क्रॉइट्झ मार्केट 1900 पासूनचं, ब्लॅक्स 1932 पासूनचं. मुळात ही खाटकांची दुकानं, जर्मन आणि चेक लोकांनी आणलेली धुरावण्याची पद्धत. तिथल्याच स्मिटीज या दुकानात मागच्या दाराने गेलात की विटांच्या भट्टीच्या तोंडाशी जमिनीवरच लाकडं पेटलेली दिसतात, मध्ये दार नाही की काच नाही. नातीचा हात घट्ट धरा.

लाकूड पोस्ट ओकचं, ही ओक झाडाचीच एक जात. हल्लीच्या बऱ्याच ठिकाणी जाळ एका बाजूच्या पेटीत असतो आणि मांसावरून फक्त गरम धूर जातो, साधारण 110 ते 135 सेल्सिअसला. ब्रिस्केटला असे दहा-बारा तास सहज लागतात. मध्येच त्याचं तापमान तासन् तास चढतच नाही, कारण पृष्ठभागावरून ओलावा उडतो आणि मांस थंड होत राहतं, घामाने आपलं अंग होतं तसं. बाबांना हे लगेच कळेल.

अकराच्या आत पोचा. माल संपला की दुकान बंद.

रोह्याची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो.

भट्टी एकच असते हे बाबांना आदल्या रात्रीच सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "ताटात येत नाही ना, मग चालेल मला."

आधी स्मिटीजचा जाळ बघितला. बाबा भिंतीला टेकून उभे राहिले, भिंत काजळीने डांबरासारखी काळी. एक माणूस लांब काठीने लाकूड पुढे सरकवत होता. बाबांनी फोनमधला पोपटीचा फोटो त्याच्यापुढे धरला आणि हाताने मडकं उपडं करून दाखवलं. मी भाषांतर करायला पुढे झाले, पण गरजच पडली नाही, त्याने बोटाने घड्याळ दाखवून 'किती वेळ' विचारलं आणि बाबांनी इंग्रजीत "हाफ अवर" सांगितलं. तो हसून बाबांशी हात मिळवून गेला. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "लाकूड सुकं आहे, आणि माणूस जाळ सोडून हलत नाही. म्हणून धूर डोळ्यांना झोंबला नाही."

जेवलो दुसऱ्या ठिकाणी. काउंटरवरच्या मुलीने फळी बदलली, नवे मोजे घातले, सुरीही दुसरी आणली. टर्कीचे काप कागदावर आले, कडेला मिऱ्यांचा जाड काळा थर, आत पांढरं आणि ओलसर, कागदावर तुपाळ डाग पसरत गेलेला. बाबांनी पहिला घास घेतला आणि सॉसची वाटी बाजूला सारली. "याला काही लावू नको." अर्धा पाउंड एकट्याने संपवला. लेकीला आजोबांच्या ताटातली कड हवी होती, दिली.

आईंनी विचारून घेतलेला मका, काकडीचं लोणचं आणि स्वतःची भाकरी खाल्ली. समोरच्या बाकावरच्या आजीबाईंनी भाकरी कशाची विचारली, तर आईंनी अर्धी मोडून दिली. परतताना गाडीत आई आपणहून म्हणाल्या, "पुढल्या खेपेला दोन भाकऱ्या जास्त घेऊ."

आता बाबांना शेजाऱ्यांना पोपटी खाऊ घालायची आहे. इथे भांबुर्डी मिळणार नाही, केळीचं पान घेऊन करून बघू म्हणतात. आतून लेप नसलेलं मोठं मातीचं मडकं ऑस्टिनच्या आसपास कुठे मिळेल, कुणी सांगेल का? ते नोव्हेंबरअखेर परत जाणार आहेत.