सान हुआन: ‘ला प्रिन्सेसा’ पाहायला किती वेळ ठेवावा?

प्रश्न: प्वेर्तो रिकोच्या पर्यटन कंपनीचं मुख्यालय सान हुआनमधल्या ‘ला प्रिन्सेसा’ या जुन्या तुरुंगात आहे म्हणे. न्यू जर्सीहून एच-१बी वर (अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर) जाणाऱ्यांना वेगळा व्हिसा लागतो का? आणि क्रूझच्या धक्क्यावरून कसं पोहोचायचं?

उत्तर: व्हिसा लागत नाही; प्वेर्तो रिको अमेरिकेच्याच ताब्यातला प्रदेश, त्यामुळे विमान देशांतर्गतच असतं. तरी पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) जवळ ठेवाच. धक्क्यावरून पश्चिमेला तटबंदीच्या पायथ्याशी चालत राहा, काही मिनिटांचंच अंतर आहे. इमारत १८३७ ची. कार्यालय असल्यामुळे आठवड्याच्या कामाच्या दिवशीच जा, नाहीतर बाहेरूनच परतावं लागेल.

उत्तर: फक्त दर्शनी भाग पाहून माघारी फिरू नका. मागच्या कोठड्या नक्की पाहा: जाड भिंती, अरुंद जागा, उकाडा. प्वेर्तो रिकोचे स्वातंत्र्यवादी नेते पेद्रो अल्बिसू काम्पोस यांना याच तुरुंगात डांबलं होतं. आपल्याकडचं येरवडा, रत्नागिरी आठवणाऱ्याला ही जागा वेगळी समजवावी लागत नाही. अर्धा तास पुरे. मग तसंच तटाच्या कडेने चालत लाल सान हुआन दरवाजातून गावात शिरा. आतल्या निळसर फरसबंदीवर पाऊस पडला की पाय सटकतो, चपला नकोत.

उत्तर: एक राहिलं. परतताना सान हुआन विमानतळावर सामानाची शेतीखात्याची तपासणी आधी होते, मगच चेक-इन. ताजा आंबा अमेरिकेच्या मुख्य भूमीवर नेता येत नाही. अर्धा-पाऊण तास जास्तीचा धरा.