स्प्रेड ऑफेन्सला अडवायचं कसं?

गांधी मैदानाचा कट्टा: भावांनो, दाजी टेक्सासला हाईत, त्यांच्या नादानं अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघालोय. ह्यो स्प्रेड ऑफेन्स म्हणजे चार रिसीव्हर (पास झेलणारे गडी) पार कडंपर्यंत पसरवायचे आन मधी मोकळं रान. डिफेन्सनं हुबं ऱ्हायचं कुठं?

पेठेतला बॅक: मर्दा, पहिलं निकेल लाव. म्हणजे एक लाइनबॅकर (डिफेन्सच्या लाइनीमागचा जड गडी) बाहेर, पाचवा डिफेन्सिव्ह बॅक (पास अडवणारा चपळ गडी) आत, कारण स्लॉट म्हंजे आतल्या बाजूच्या रिसीव्हरमागं जड गडी पळून पुरा पडत न्हाई. आन मैदान बघ, रुंदी १६० फूट, कॉलेजात दोन हॅशमधी (बॉल ठेवायच्या खुणांच्या ओळी) ४० फूट, म्हणजे बॉल एका हॅशवर असला की एका अंगाला ६० आन दुसऱ्या अंगाला १०० फूट, त्या १०० फुटात चपळ सेफ्टी (सगळ्यात मागचा बॅक) पाहिजेच.

गांधी मैदानाचा कट्टा: क्वार्टरबॅक (चाल चालवणारा गडी) बॉल पळणाऱ्याला दितोय का सोताकडं ठेवतोय तेच कळंना लगा

रंकाळ्याकडचा: तो एंडकडं (डिफेन्सच्या लाइनीतला कडंचा गडी) बघून ठरवतोय. एंड आत घुसला की बॉल पोटाशी धरून बाहेरनं सुटतो. म्हणून एंडनं मुद्दाम आत घुसायचं आन लाइनबॅकरनं त्याच्या पाठीमागनं बाहेर येऊन हुबंच ऱ्हायचं, स्क्रेप एक्सचेंज म्हणत्यात. लय भारी चाल हाय, रिप्लेत फकस्त लाइनबॅकरचे पाय बघ.

पेठेतला बॅक: आयोवा स्टेट कॉलेजच्या टीमचं पण बघ, २०१७ मधी तीन सेफ्टी मागं ठेवून खेळाय लागली, पुढं तिघंच लाइनमन. लांबचा पास तुटतो, पण टॅकल चुकला की संपलं. मी आपल्या फुटबॉलात बॅक खेळतोय, विंगरला कडंला दाबल्याबिगर झोप लागत न्हाई, हितं पण तसंच, बॉलवाल्याला साइडलाइनकडं रेटायचा.

गांधी मैदानाचा कट्टा: आज रात्री दाजींस्नी हेच इचारतो 🙏